भिंतीवरच्या बाटलीने एक धंदा नेला, आता दुसरा शोधू या

कपड्याच्या धंद्यातला माणूस सुताचा भाव, शिवणावळ आणि उधारी या तीन गोष्टींवर नजर ठेवतो. शाम्पूच्या बाटलीवर नजर ठेवावी असे कधी कोणाच्या मनात येत नाही. आमच्याही आले नव्हते. म्हणूनच आमचे नुकसान झाले आणि म्हणूनच हा लेख लिहावासा वाटला.

आमच्याकडे टॉवेल-चादरीच्या जोडीने एक लहानसे काम होते. सुती कापडाच्या नाडीच्या पिशव्या शिवून घ्यायच्या आणि मुंबईच्या एका दलालाला द्यायच्या. हॉटेलात किंवा प्रवासी जहाजात पाहुण्यासाठी साबणाची वडी, शाम्पूची बोटभर बाटली, कंगवा असा जो संच ठेवतात, तो या पिशवीत घालून ठेवला जाई. मोहल्ल्यातल्या सहा बायका घरबसल्या हे काम करीत. नगामागे पैसे मिळत, घर सांभाळून काम होई, कुणापुढे हात पसरावा लागत नसे. कोरोनाच्या काळात काम थांबले तेव्हा आम्ही समजलो की जगच थांबले आहे, जग सुरू झाले की कामही सुरू होईल. सन २०२२ मध्ये जग सुरू झाले, काम झाले नाही. आम्ही दलालाला फोन लावला. तो म्हणाला, "शेठ, आता बाटलीच ठेवत नाहीत, तर पिशवी कशाला घेतील? भिंतीला मोठी बाटली ठोकली आहे. दाबा आणि घ्या."

सहा घरांची रोजी एका भिंतीवरच्या बाटलीने नेली. मग आम्ही चौकशीला लागलो. ही बाटली आली कुठून, का आली, राहणार की जाणार, आणि आपल्यासारख्या लहान व्यापारी-कारागिरांनी तिच्याकडे कसे पाहावे? जे समजले ते वाचक बांधवांपुढे ठेवीत आहोत.

जहाज नव्हे, तरंगते शहर

आपल्या वडीलधाऱ्यांना जहाज म्हटले की हजचे जहाज आठवते. मुंबईहून जिद्दाला हाजी घेऊन जाणारी जहाजे १९९५ साली बंद झाली. त्या काळी हाजीसाहेब आपला लोटा, आपला साबण, आपला टॉवेल घरून ट्रंकेत घालून नेत. आजचे सैरसपाट्याचे जहाज, ज्याला क्रूझ म्हणतात, ती गोष्ट वेगळी आहे. रॉयल कॅरिबियन कंपनीचे 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील मायामीहून फिरू लागले. वीस मजले, जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी आणि वर सुमारे २,३५० कर्मचारी! एवढी माणसे रोज आंघोळ करतात, हात धुतात, टॉवेल वापरतात. म्हणजे आपल्याकडचे एक लहान तालुक्याचे गावच पाण्यावर चालले आहे असे समजा.

आता साधा हिशेब करू. समजा एका जहाजात एक हजार खोल्या आहेत आणि एक फेरी सात दिवसांची आहे. दर फेरीला दर खोलीत शाम्पू, अंगाचा साबण आणि लोशन अशा फक्त तीनच लहान बाटल्या ठेवल्या, तरी एका फेरीला तीन हजार बाटल्या झाल्या. वर्षात पन्नास फेऱ्या धरल्या तर दीड लाख बाटल्या. आणि हे एका जहाजाचे झाले. त्यातल्या कितीतरी बाटल्या अर्ध्या भरलेल्याच राहतात. उघडलेली बाटली पुढच्या पाहुण्याला देता येत नाही. प्रवासी उतरला की ती कचऱ्यात.

जमिनीवरचा हॉटेलवाला हा कचरा नगरपालिकेच्या गाडीत टाकून मोकळा होतो. जहाजवाल्याला ते शक्य नाही. समुद्रात प्लॅस्टिक टाकण्यास पूर्ण बंदी आहे. जहाजांपासून होणाऱ्या प्रदूषणाविषयी 'मार्पोल' नावाचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याचे पाचवे परिशिष्ट ३१ डिसेंबर १९८८ पासून लागू झाले. अन्नाचा चुरा ठराविक अंतरापलीकडे टाकता येतो, प्लॅस्टिक मात्र कुठेही नाही. म्हणून जहाजाच्या पोटात कचऱ्याची वेगळी खोली असते. तिथे माणसे हाताने काच, पत्रा, प्लॅस्टिक, कागद निवडतात, यंत्रात दाबून गठ्ठे बांधतात आणि बंदरात पैसे मोजून उतरवून देतात. मोठ्या बाटलीचे मूळ या खोलीत आहे. लहान बाटली विकत घेताना पैसे, साठवायला जागा, उचलायला मजुरी आणि फेकायलाही पुन्हा पैसे!

हा कायदा न पाळला तर काय होते, तेही घडलेले आहे. कार्निवल कॉर्पोरेशन ही या धंद्यातली जगातली सर्वांत मोठी कंपनी. तिच्या प्रिन्सेस क्रूझेस या उपकंपनीला तेलकट पाणी चोरून समुद्रात सोडल्याबद्दल २०१६ साली अमेरिकेत चार कोटी डॉलरचा दंड झाला. न्यायालयाने पाच वर्षे नजर ठेवली. त्या मुदतीत अटी मोडल्याचे पुन्हा उघड झाले, त्यात बहामाच्या पाण्यात अन्नाच्या कचऱ्यात मिसळलेले प्लॅस्टिक टाकल्याचाही प्रकार होता. २०१९ मध्ये कंपनीने ते कबूल केले आणि आणखी दोन कोटी डॉलर भरले. इतके चटके बसल्यावर कोणता शेठ शहाणा होणार नाही?

काय काय बदलले

हा बदल एका दिवसात झाला नाही. पहिल्यांदा गेली ती शीतपेयाची नळी. २०१८ साली रॉयल कॅरिबियनने वर्षअखेर प्लॅस्टिकच्या नळ्या बंद करण्याचे जाहीर केले, त्याच वर्षी नॉर्वेच्या हुर्टिग्रुटेन कंपनीने एकदा वापरून फेकायचे प्लॅस्टिक आपल्या जहाजांवरून काढले. मग पाण्याच्या बाटलीची पाळी आली. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २०२० च्या सुरुवातीला प्लॅस्टिकच्या पाणी-बाटल्या बंद केल्या. त्यांच्याच सांगण्यानुसार वर्षाला साठ लाखांहून अधिक बाटल्या लागत होत्या. व्हर्जिन व्हॉयेजेस ही कंपनी २०२१ साली प्रवासी घेऊन निघाली ती सुरुवातीपासूनच असे प्लॅस्टिक न ठेवण्याचा नियम करून.

न्हाणीघरातल्या मोठ्या बाटल्या काही जहाजांवर फार आधीपासून होत्या, पण त्या स्वस्त खोल्यांत. महागड्या खोल्यांत लहान सुबक बाटल्यांची शान होती. आता महागड्या खोल्यांतही भिंतीवरच्या बाटल्या येऊ लागल्या आहेत. हॉटेलांनी हा रस्ता आधीच मोकळा केला. हॉलिडे इनवाल्या आयएचजी कंपनीने जुलै २०१९ मध्ये आणि मॅरिएटने ऑगस्ट २०१९ मध्ये लहान बाटल्या बंद करण्याचे जाहीर केले. आयएचजीला वर्षाला सुमारे वीस कोटी, तर मॅरिएटला सुमारे पन्नास कोटी लहान बाटल्या लागत. मॅरिएटचा हिशेब असा की एका मोठ्या बाटलीत दहा-बारा लहान बाटल्यांचा माल मावतो आणि वर्षाला सतरा लाख पौंड, म्हणजे पाऊणशे टनांच्या दहापट प्लॅस्टिक वाचते.

बाकीचे बदल बारीक आहेत, पण व्यापाऱ्याने बारीकच पाहावे. रोजचा कार्यक्रम छापलेला कागद खोलीत येत असे, तो आता मोबाइलवर येतो. न्हाताना घालायची टोपी मागितली तर मिळते. टॉवेल दांडीवर टांगला तर "पुन्हा वापरतो", खाली टाकला तर "धुवायला न्या", अशी पाटी लागलेली असते. पोहण्याच्या हौदावरचा टॉवेल खोलीच्या कार्डावर नोंदवून देतात, परत केला नाही तर पैसे लावतात. २०२३ साली नॉर्वेजियन आणि रॉयल कॅरिबियन या दोन्ही कंपन्यांनी साध्या खोल्यांची दिवसातून दोनदा होणारी साफसफाई एकदाच केली. रात्री टॉवेलचा हत्ती-ससा घडी करून पलंगावर ठेवायची हौस असे, तीही काही ठिकाणी कमी झाली.

कायदा मागून येतो आहे

आमच्या मनात पहिला प्रश्न आला की हे खूळ चार दिवसांचे तर नाही ना? तसे नाही. कॅलिफोर्निया राज्याने २०१९ साली कायदा केला. पन्नासहून अधिक खोल्यांच्या हॉटेलांत १ जानेवारी २०२३ पासून आणि लहान हॉटेलांत १ जानेवारी २०२४ पासून लहान प्लॅस्टिक बाटल्या देण्यास बंदी आली. न्यूयॉर्कने मोठ्या हॉटेलांसाठी हीच बंदी २०२५ पासून आणली. युरोपीय संघाने २०२४ च्या डिसेंबरमध्ये वेष्टनांविषयीचा नियम मंजूर केला आहे, त्यानुसार २०३० पासून हॉटेलांत अशा चिमुकल्या बाटल्या ठेवता येणार नाहीत.

आपल्या देशातही पाहा. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकबंदी आली. नौवहन महासंचालनालयाने २०१९ साली आदेश काढून भारतीय जहाजांवर एकदा वापरायच्या प्लॅस्टिकला मनाई केली, आणि मनाईच्या यादीत शाम्पूच्या बाटल्यांचेही नाव आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लॅस्टिकच्या नळ्या, कप, ताटल्या, चमचे यांवर बंदी आहे. तेव्हा ज्यांचा धंदा लहान बाटली, तिचे झाकण, तिचे लेबल किंवा तिची पिशवी यांवर चालतो त्या बांधवांनी आमच्यासारखी फोनची वाट पाहू नये. परदेशी मालाची मागणी तर वर्षावर्षाने कमीच होत जाणार.

बचत आणि बहाणा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे बदल चांगले की वाईट?

इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, आपल्या दीनमध्ये नापसंत आहे. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये ही शिकवण आपण मदरशात लहानपणी शिकलो. मग अर्धी भरलेली बाटली रोज फेकून देण्याची रीत बंद झाली याचे मुसलमानाला वाईट वाटण्याचे कारण नाही. आमचे काम गेले तरी हे आम्ही मान्य करतो. ज्या गोष्टीत नासाडी आहे तिच्यावर उभी राहिलेली कमाई कायम टिकेल अशी आशा धरणेच चुकीचे होते.

परंतु प्रत्येक काटकसरीला पर्यावरणाचे नाव देणे हाही एक बहाणा आहे. बाटली मोठी केली, त्यात कंपनीचाही फायदा आणि समुद्राचाही. ठीक आहे, हलाल नफा कमावण्यात गुन्हा नाही. खोली दोनदाऐवजी एकदा झाडायची, यात मात्र समुद्राचा फायदा किती आणि पगाराची बचत किती? आमच्या ओळखीचा कोकणातला एक तरुण जहाजावर खोल्यांची साफसफाई करतो. कंपनीचे नाव आम्ही देत नाही. तो म्हणाला, "चाचा, फेरी एक कमी झाली पण खोल्या वाढवून दिल्या. काम तेवढेच, पाहुणा मात्र कमी भेटतो. भेटला नाही तर खुशीने हातावर काही ठेवणार कसा?" बाटल्या भरण्याचे, पुसण्याचे, तपासण्याचे नवे कामही त्याच्याच अंगावर आले आहे.

हे दुःख आपल्याला परके नाही. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुसलमानांच्या कित्येक पिढ्या जहाजावर राबल्या. इंग्रजांच्या पी अँड ओ कंपनीच्या डेकवरचे खलाशी, टिंडेल, सारंग हे मोठ्या संख्येने याच किनाऱ्याचे, आणि जेवणघरात वाढणारे गोव्याचे. आजही क्रूझवर गोवा आणि महाराष्ट्राची मुले कमी नाहीत. साबणाच्या बाटलीचा हिशेब करताना ती भरणाऱ्या हाताचा हिशेब सुटू नये, इतकेच आमचे म्हणणे.

बंद बाटलीत काय आहे?

भरून वापरायची बाटली ही पाश्चात्त्यांची नवी अक्कल आहे असे समजू नये. मुंबईत मोहम्मद अली रोडवर अत्तरवाला मोठ्या शिशीतून आपल्या लहान शिशीत अत्तर भरून देतो. तेलवाला पिंपातून गिऱ्हाइकाच्या बरणीत तेल ओतत असे. ती रीत चालली ती विश्वासावर. शिशीवर मोहर नसे, दुकानदाराचे तोंड हीच मोहर.

भिंतीवरच्या बाटलीचा खरा प्रश्न तोच आहे. लहान बाटली मोहरबंद असे. पाहुणा स्वतः झाकण फोडीत असे. मोठी बाटली आपल्याआधी कोणी उघडली, त्यात काय घातले, पाणी मिसळले का, हे पाहुण्याला दिसत नाही. म्हणून चांगल्या कंपन्या दोन उपाय करतात. एक, बाटली किल्लीशिवाय निघणार नाही अशा पकडीत बसवायची. दुसरा, बाटली पुन्हा न भरता कारखान्यातून मोहरबंद आलेली नवी बाटली तिथे अडकवायची. दुसऱ्या उपायात विश्वास जास्त, पण प्लॅस्टिकची बचत थोडी कमी.

आरोग्याचाही मुद्दा आहे. उघड्या तोंडाच्या साबणपात्रांत वरचेवर माल ओतत राहिले तर आत जंतू वाढतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००२ साली दवाखान्यांसाठी हात धुण्याविषयी जे नियम काढले, त्यांतच सांगितले आहे की अर्धवट रिकाम्या पात्रात साबणाची भर घालू नये. पात्र पूर्ण रिकामे करावे, धुवावे, वाळवावे, मग भरावे. जहाजावर तर हे फारच जपावे लागते. एका छपराखाली हजारो माणसे असतात आणि पोटाचा आजार पसरायला वेळ लागत नाही. २०२० साली जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' जहाज कोरोनामुळे अडकले. ३,७११ प्रवासी-कर्मचाऱ्यांपैकी सातशेहून अधिक जणांना लागण झाली. ती लागण बाटलीमुळे नव्हे, पण जहाजात एक गोष्ट किती जणांपर्यंत पोहोचते ते त्यातून समजते.

आपल्या बांधवांसाठी आणखी एक गोष्ट. साबणात चरबी कोणती, ग्लिसरीन जनावराचे की वनस्पतीचे, हे लहान बाटलीच्या पाठीवर कधी कधी तरी छापलेले असे. मोठ्या बाटलीवर पुष्कळदा नुसते 'शाम्पू' एवढेच लिहिलेले असते. मसला काय आहे ते आलिमांना विचारावे, तो आमचा अधिकार नाही. व्यापारी म्हणून मात्र आम्हाला यात एक मागणी दिसते. सौदी अरबस्तानच्या 'आरोया' कंपनीचे दारूविरहित क्रूझ जहाज डिसेंबर २०२४ मध्ये जिद्दाहून सुरू झाले. असे प्रवासी, आणि इंडोनेशिया-मलेशिया-आखाताचे प्रवासी, बाटलीत काय आहे हे विचारणारच. जो पुरवठादार मालाची पूर्ण यादी लिहून देईल त्याची बाजू भक्कम राहील.

आमच्या घरची गोष्ट: टॉवेल

बाटलीचे झाले, आता टॉवेलकडे येतो. इथे आम्ही थोडे अधिकाराने बोलू शकतो.

टॉवेल पुन्हा वापरण्याच्या पाटीमुळे टॉवेलाचा धंदा बसेल अशी भीती आमच्या काही सोबत्यांना वाटते. त्यात थोडे तथ्य आहे. टॉवेलाचे आयुष्य वर्षांत मोजत नाहीत, धुलाईत मोजतात. धुलाई कमी तर टॉवेल जास्त टिकणार, नवा कमी लागणार. पण दुसरी बाजूही पाहा. जो टॉवेल पाहुणा दोन दिवस वापरणार तो दुसऱ्या दिवशी दांडीवर वाळलेला हवा, त्याला वास येता कामा नये, लोकर सुटता कामा नये. म्हणजे हलका माल बाद होणार आणि चांगल्या मालाला किंमत येणार. सोलापूरच्या चादरीला आणि टॉवेलाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. नाव आपल्या हातात आहे. ते राखणे हेही आपल्याच हातात आहे.

इथे आमची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या गिऱ्हाइकासाठी ७० बाय १४० सेंटिमीटरच्या टॉवेलाचा सौदा झाला. चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजन ठरले. हिशेबाने एक टॉवेल ४९० ग्रॅम भरायला हवा. मागवाल्याने माल पाठवला, आम्ही घाईत वजन न करता पुढे रवाना केला. गिऱ्हाइकाने तोलला तर टॉवेल ४४० ग्रॅमच्या आसपास. नगाला पन्नास ग्रॅम म्हणजे काय मोठे, असे कोणी म्हणेल. दहा हजार नगांना हे पाच क्विंटल सूत होते! माल परत आला, भाडे आमच्या अंगावर पडले, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा आले नाही. मागवाल्याने चोरी केली असे म्हणून आम्ही हात झटकू शकत होतो. पण मोहर आमची होती. मापात मारणाऱ्यांविषयी कुरआन शरीफात एक पूर्ण सूरह आहे, आणि ती आम्ही लहानपणी पाठ केलेली. पाठ होती, ताजवा मात्र वापरला नाही. त्या दिवसापासून दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आहे आणि प्रत्येक गठ्ठ्यातले पाच टॉवेल तोलल्याशिवाय गठ्ठा हलत नाही.

जहाजाच्या मालाला आणखी दोन कसोट्या लागतात. हौदावरच्या रंगीत पट्ट्याच्या टॉवेलाचा रंग उन्हाने आणि क्लोरीनच्या पाण्याने उडता कामा नये. आणि धुतल्यावर आकसण्याचे प्रमाण आधी तपासून कागदावर द्यावे लागते. नमुना चांगला आणि गठ्ठा हलका, ही आपल्या बाजारातली जुनी खोड तिथे चालत नाही.

मग काम कोणते करावे?

मुंबई बंदरातून २०२१ च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलियाचे 'एम्प्रेस' हे जहाज देशी प्रवासी घेऊन गोवा, लक्षद्वीपकडे फिरू लागले. हे जहाज १९९० साली बांधलेले, आधी रॉयल कॅरिबियनचे होते. बॅलार्ड पियरवर नवे क्रूझ टर्मिनल २०२५ साली सुरू झाले. केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईतूनच 'क्रूझ भारत मिशन' सुरू केले, त्यात २०२९ पर्यंत क्रूझ प्रवासी दुप्पट करण्याचे ठरवले आहे. सरकारी आकडे पुरे होतील न होतील, पण दिशा दिसते. हॉटेले तर गावोगाव आहेतच. जहाजावर आज जे होते ते उद्या लोणावळा-महाबळेश्वरच्या हॉटेलात होते. आम्हाला सुचलेली कामे अशी:

१. धुण्याच्या कपड्यांची पिशवी. खोलीत प्लॅस्टिकची पिशवी असे, तिथे आता सुती पिशवी मागतात. ती धुऊन वर्षभर वापरता येते. शिवण पक्की, नाडी जाड, रंग कच्चा नको.

२. कापडी सपाता. प्लॅस्टिकच्या वेष्टनाऐवजी कागदी पट्टी लावून देता येतात. चामड्याचे आणि चपलांचे काम जाणणाऱ्या बांधवांना हे अवघड नाही.

३. जुन्या टॉवेलांचे पोछे. हॉटेलने बाद केलेले टॉवेल किलोने घ्यायचे, कापून कडा ओव्हरलॉक करायच्या आणि फडकी म्हणून विकायचे. भांडवल थोडे, मशीन एक. बायकांना घरबसल्या होण्यासारखे काम.

४. पकडी, पट्ट्या, नावाच्या पाट्या. भिंतीवरच्या बाटलीला धातूची किंवा अॅक्रिलिकची पकड लागते. जहाजाची न्हाणीघरे कारखान्यात तयार होऊन आख्खी बसवली जातात, त्यांच्या भिंतीला भोक पाडलेले चालत नाही, म्हणून चिकटवायच्या पकडी लागतात. खाऱ्या हवेत गंजणार नाही असा चांगला स्टेनलेस स्टील हवा. पितळ-पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिरांनी एक पकड विकत आणून खोलून पाहावी.

५. शाम्पू-साबणाचे कॅन. इथे आम्ही सावध करतो. मस्जिद बंदरातून रसायन आणून बादलीत ढवळले की झाला शाम्पू, असे समजून कोणी उतरू नये. शाम्पू हे कायद्याने सौंदर्यप्रसाधन आहे. ते बनवण्यासाठी २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सखाली परवाना लागतो. लेबलावर घटक, बॅच, तारीख, बनवणाऱ्याचे नाव लागते. परवान्याशिवायचा माल पाहुण्याच्या डोळ्यात गेला तर धंदा तर जाईलच, अब्रूही जाईल. ज्यांच्याजवळ परवाना आहे त्यांचा माल घेऊन पुरवण्याचे काम करणे बरे.

सौदा कसा करावा

जहाजाच्या कंपनीच्या दारात लहान व्यापाऱ्याला कोणी उभे करीत नाही. मधला माणूस म्हणजे शिप चँडलर, जो जहाजाला भाजीपाल्यापासून दोरखंडापर्यंत सगळे पुरवतो. त्याला भेटावे. नमुना द्यावा, सोबत मालाचे वजन, माप, आकसण्याचे प्रमाण लेखी द्यावे. जहाज ठरल्या वेळी सुटते. आपला टेम्पो वाटेत अडकला म्हणून ते थांबत नाही. "इन्शाअल्लाह उद्या" हे शब्द आपण कित्येकदा नाही म्हणण्याऐवजी वापरतो, ही आपली वाईट सवय. अल्लाहचे नाव घेऊन दिलेला वायदा तर आधी पाळायला हवा.

उधारीची मुदत लिहून घ्यावी. देणेघेणे लिहून ठेवण्याचा हुकूम आपल्याला चौदाशे वर्षांपूर्वी मिळाला आहे, तरी आपल्यातले निम्मे सौदे आजही तोंडी होतात. एकाच गिऱ्हाइकावर विसंबू नये. आमची सहाही शिवणारी एकाच दलालाच्या एकाच पिशवीवर अवलंबून होती, दोष दलालाचा नव्हता, आमचा होता. आणि दर वर्षी एकदा तरी ज्या जागी आपला माल वापरला जातो ती जागा डोळ्यांनी पाहून यावी. आम्ही वर्षानुवर्षे हॉटेलची पिशवी शिवून दिली, पण त्या हॉटेलच्या न्हाणीघरात कधी डोकावलो नाही. डोकावलो असतो तर भिंतीवर बाटली ठोकलेली दोन वर्षे आधीच दिसली असती.

शेवटी त्या सहा बायकांचे सांगतो, कारण वाचक विचारतील. आता आम्ही धुण्याच्या कपड्यांच्या पिशव्या आणि टॉवेलांचे पोछे करून घेतो. गिऱ्हाइके तीन आहेत, तिन्ही लहान हॉटेले. जहाजाचे काम अजून मिळालेले नाही, नमुने दिले आहेत. सहापैकी चौघी पुन्हा काम करतात. एक दुसऱ्या कारखान्यात गेली. आणि एक विधवा बहीण, जिला या कामाची सर्वांत जास्त गरज होती, काम बंद असलेल्या महिन्यांत मशीन विकून माहेरी गेली. तिची मशीन सोडवायला आम्ही वेळेवर पोहोचलो नाही, ही बोच मनात आहे. धंद्यात बदल येणारच. तो येण्याआधी ओळखला तर मशीन विकावी लागत नाही. बांधवांनी एवढे ध्यानात घ्यावे आणि आपापल्या मोहल्ल्यातल्या शिवणाऱ्या हातांची आजच विचारपूस करावी. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो. आमीन.